पिवळा डीटी-८३०डी मल्टिमीटर: एक नको, दोन घ्या

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. हिशेब शाळेतला आहे. त्यात घालायचे दोन आकडे मात्र कुठल्या तरी मीटरवरून वाचावे लागतात आणि घोळ होतो तो तिथे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि आता तालुक्याच्या बऱ्याच इलेक्ट्रिक दुकानांत दीडशे ते अडीचशे रुपयांना टांगलेला डीटी-८३०डी या कामाला कितपत चालतो, एवढंच इथे तपासायचं आहे. डब्यावरची नावं वेगवेगळी असतात, रंग कधी पिवळा कधी काळा, पण आतला आराखडा बहुतेक एकच: काळ्या थेंबाखालची चिप, साडेतीन अंकी डिस्प्ले, जास्तीत जास्त १९९९ पर्यंत आकडा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

निकाल आधीच सांगतो. बॅटरी, अडॅप्टर, सोलर पॅनेल, एलईडी पट्टी, गाडीची वायरिंग अशा डीसी कामाला पैसे वसूल. घरच्या २३० व्होल्टच्या उपकरणाची चालू अवस्थेतली वॅट काढायला निरुपयोगी, आणि चुकीच्या सॉकेटमध्ये वायर राहिली तर धोकादायक. हा घेणारच असाल तर एकदम दोन घ्या.

दोन का? व्होल्ट आणि करंट एकाच वेळी वाचले तरच त्यांचा गुणाकार किंवा भागाकार खरा. एकच मीटर असेल तर आधी तो सर्किटमध्ये मालिकेत घालून करंट वाचायचा, मग काढून घेऊन व्होल्ट वाचायचे. पण मीटर काढला की सर्किट बदलतं, कारण अँपिअरच्या रेंजवर मीटर म्हणजे आणखी एक रेझिस्टन्सच असतो. म्हणजे करंट एका अवस्थेतला आणि व्होल्ट दुसऱ्या. पाचशे रुपयांत दोन मीटर येत असतील तर त्याच पैशात मिळणाऱ्या एका थोड्या बऱ्या मीटरपेक्षा ही जोडी व्होल्ट-अँपिअरच्या कामाला उजवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तो मालिकेतला रेझिस्टन्स किती? २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजला साधारण १००० ओहम, २००० मायक्रोला १००, २० मिलिअँपिअरला १०, २०० मिलिअँपिअरला १ आणि १० अँपिअरच्या सॉकेटला ०.०१ ओहम. प्रत्येक मिलिअँपिअर रेंज पूर्ण भरली की शंटवर, म्हणजे करंट मोजण्यासाठी आत बसवलेल्या या रेझिस्टरवर, २०० मिलिव्होल्ट पडतात, अशी ही रचना आहे. त्यात फ्यूजचा एखादा ओहम आणि प्रोबच्या (मीटरसोबतच्या टोकदार सळ्यांच्या) वायरींचा रेझिस्टन्स वेगळा. ५ व्होल्टवर १०० ओहमच्या रेझिस्टरमधून ३ व्होल्टचा पांढरा एलईडी लावलाय असं धरा. करंट हवा (५ − ३) ÷ १०० म्हणजे २० मिलिअँपिअर. २० मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर आत घातला की वाटेतला रेझिस्टन्स ११० होतो आणि डिस्प्लेवर येतात १८.२. मीटर खोटं बोलत नाही. तेव्हा खरोखर १८.२ च वाहतायत, फक्त तो घालण्याआधी जास्त वाहत होते. नॉब २०० मिलिअँपिअरवर नेला की साडेएकोणीसच्या पुढे आकडा दिसेल. एक अंक गेला, पण ९ टक्क्यांची चूक दोनवर आली. कमी व्होल्टच्या सर्किटमध्ये करंट वाचताना रेंज एक पायरी वर ठेवायची ती यासाठी.

व्होल्टच्या बाजूलाही असंच दुखणं आहे. बऱ्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, ह्याचा बहुतेक १ मेगओहम. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावून मधल्या बिंदूचा व्होल्ट वाचा. यायला हवा ४.५, दिसेल ३.०, कारण खालच्या एक मेगला समांतर मीटरचा एक मेग बसला आणि दोघांचा मिळून अर्धा झाला. दोन मीटर असले की हे घरीच पडताळता येतं. एक मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दुसरा २००० किलोओहमवर, आणि प्रोबला प्रोब लावा. दुसऱ्यावर १००० च्या आसपास आकडा आला तर तुमचा मीटर १ मेगचा. काही आवृत्त्यांत जास्तही निघतो.

यावरून जोडणीचा नियम निघतो. रेझिस्टन्स काढायचाय ती वस्तू कमी ओहमची असेल तर व्होल्टमीटरचे प्रोब थेट तिच्या दोन टोकांना, अँमीटर त्या जोडीच्या बाहेर. जास्त ओहमची असेल तर व्होल्टमीटर अँमीटरसकट सगळ्यावर. सीमारेषा साधारण दोन्ही मीटरच्या आतल्या रेझिस्टन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ: २० मिलिअँपिअरच्या रेंजला १० गुणिले १० लाख, वर्गमूळ सुमारे ३.२ किलोओहम. त्याखाली पहिली जोडणी, वर दुसरी. अर्थात सुटा रेझिस्टर मोजायचा असेल तर हा सगळा खटाटोप नको, ओहमची रेंज पुरे.

ओहमची रेंज जिथे हात टेकते तिथे मात्र ही जोडी खरी कमाल करते. २०० ओहमच्या रेंजवर शेवटचा अंक ०.१ ओहमचा, आणि प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३-०.४ दिसतात. मग १ ओहमच्या आसपासचं काही मोजणार कसं? त्यातून करंट सोडून. वायरचं बंडल घ्या. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मानकाप्रमाणे २० अंश सेल्सिअसला किलोमीटरला १३.३ ओहमपेक्षा जास्त नको. ९० मीटरच्या बंडलाचा झाला १.२० ओहम. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांच्या खोलीत १.२४ पर्यंत ठीक.

१२ व्होल्टची बॅटरी, तिच्या प्लसजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, मग बंडल, मग १० अँपिअरच्या सॉकेटवरचा पहिला मीटर, असं सगळं मालिकेत जोडा. दुसरा मीटर २० व्होल्ट डीसीवर, प्रोब बंडलाच्या सोललेल्या तांब्यावर थेट. क्रोकोडाइल क्लिपच्या पलीकडे नको, नाहीतर क्लिपचा रेझिस्टन्सही मोजला जाईल. समजा १.५२ अँपिअर आणि १.८८ व्होल्ट आले. भागाकार १.२४ ओहम, वायर बरोबर. १.५ ओहमच्या वर निघाला तर तांबं कमी आहे किंवा भेसळीचं आहे. मीटरची स्वतःची चूक चार-पाच टक्के धरा, तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका. आणि लांबी फुटपट्टीने नाहीतर निदान वेढे मोजून पाहा, कारण बारीक वायर आणि आखूड बंडल एकमेकांची चूक झाकतात. दोन्ही दहा टक्के कमी असतील तर रेझिस्टन्स तंतोतंत बरोबर येईल.

याच पद्धतीने स्विचचा संपर्क, बॅटरीच्या टर्मिनलवरचा गंज, फ्यूज होल्डर हे सगळं तपासता येतं, तेही २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. तिथे शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा. १ अँपिअर वाहत असेल तर ०.१ मिलिओहम दिसतो. दोनशे रुपयांच्या वस्तूकडून आणखी काय मागायचं! फक्त हे प्रोब लावलेले असताना तपासायचा जोड सुटू द्यायचा नाही. सर्किट उघडलं की पूर्ण १२ व्होल्ट त्या रेंजवर येतात. मीटर बहुधा तरेल, पण सवय वाईट.

१० अँपिअरचं सॉकेट हा या मीटरचा सगळ्यात कच्चा भाग. उजवीकडे तीन सॉकेट असतात: वर १० अँपिअर, मधे व्होल्ट-ओहम-मिलिअँपिअर, खाली कॉम. वरच्याला आत फ्यूज नाही, तसं बाजूला छापलेलंही असतं. पूर्ण १० अँपिअर १० सेकंदांपेक्षा जास्त सोडू नयेत आणि मग १५ मिनिटं थांबावं, हा शिरस्ता पाळा. दीड-दोन अँपिअरला शंट तापत नाही, तिथे ही घाई नाही. खरा अडथळा शंट नव्हेच, सोबत येणाऱ्या बारीक वायरी. ५ मीटरची १२ व्होल्टची एलईडी पट्टी, दर मीटर लांबीला १४.४ वॅट छापलेली, म्हणजे ७२ वॅट आणि ६ अँपिअर अपेक्षित. प्रोबच्या वायरींचा ०.४ ओहम वाटेत आला तर ६ अँपिअरला २.४ व्होल्ट त्यांच्यातच जातील. पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी मालिका असते, त्यामुळे व्होल्ट जरा घटले तरी करंट धाडकन खाली येतो. पट्टी मंदावते, मीटरवर ३-४ अँपिअर दिसतात, आणि लोक म्हणतात पट्टी निम्म्या वॅटची निघाली.

उपाय दोन. प्रोब बाजूला ठेवून १.५ चौरस मिलिमीटरच्या आखूड वायरींना ४ मिलिमीटरचे बनाना प्लग लावा. किंवा मीटरमधून करंट नेऊच नका: पॅनेल मीटरसाठी मिळणारा ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट मालिकेत घाला आणि त्याच्या दोन छोट्या स्क्रूंवर २०० मिलिव्होल्टच्या रेंजने वाचा. दर अँपिअरला १.५ मिलिव्होल्ट, म्हणजे ६ अँपिअरला ९.० मिलिव्होल्ट. वाचलेल्या मिलिव्होल्टला १.५ ने भागलं की अँपिअर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून ३०-४० अँपिअर जातात तिथे हाच मार्ग, १० अँपिअरच्या सॉकेटचा विचारही नको. शंट निगेटिव्ह वायरमध्ये घाला आणि त्याचे नट घट्ट आवळा. ढिल्या नटाखाली ४० अँपिअर म्हणजे वितळलेलं इन्शुलेशन.

सोलर पॅनेलसाठी मात्र हे सॉकेट कामाचं आहे. १०० वॅटच्या १२ व्होल्टवाल्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट साधारण ६ अँपिअर असतो, आणि भर उन्हात प्लस-मायनसमध्ये मीटर थेट घातला तरी त्याहून फार जात नाही. काही सेकंदांत वाचून काढा. उघड्या टोकांवर २२ व्होल्टच्या आसपास मिळतील. इथे हमखास होणारी चूक म्हणजे या दोहोंचा गुणाकार करून १३२ वॅट मिळाले म्हणायचं. ते दोन आकडे एकाच वेळी कधीच अस्तित्वात नसतात. उघड्या टोकांवर करंट शून्य, शॉर्टवर व्होल्ट शून्य. पॅनेलचे वॅट लोड लावून, दोन्ही मीटर एकदम वाचूनच निघतात. चांगल्या उन्हात १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअरच्या जवळ गेलं तर पॅनेल उत्तम. आणि पॅनेलला केलं तसं बॅटरीला कधीही करू नका. बॅटरी शेकडो अँपिअर देते, आणि फ्यूज नाही हे वर सांगितलंच.

आता घरची वीज. या मीटरवर एसी करंटची रेंजच नाही. एसी व्होल्टच्या २०० आणि ७५० अशा दोनच रेंज. अँपिअरची खूण असलेली रेंज फक्त डीसीची, त्यामुळे तिच्यातून एसी सोडला तर डिस्प्लेवर शून्याच्या आसपास काहीतरी नाचत राहतं आणि करंट मात्र पूर्ण वाहत असतो. ‘शून्य दाखवतोय म्हणजे वीज नाही’ असं समजून हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्रोब विसरून तो प्लग पॉइंटवर लावणं: सरळ शॉर्ट, भडका. डीबी (वीज वाटणारी पेटी), एमसीबी, पंपाचा स्टार्टर इथे हा मीटर नेऊ नका. आवरणावर १००० व्होल्ट किंवा कॅट-२ (सुरक्षिततेचा वर्ग) वगैरे काहीही छापलेलं असो, प्रोबचं इन्शुलेशन आणि आतली अंतरं बघितली की त्या छपाईवर विश्वास बसत नाही.

व्होल्टसुद्धा बेताचेच. माहितीपत्रकात एसीला साधारण १.२ टक्के अधिक १० अंक अशी चूक दिलेली असते, आणि ७५० च्या रेंजला शेवटचा एक अंक म्हणजे १ व्होल्ट. २३० वाचताना ती होते सुमारे १३ व्होल्ट, म्हणजे खरा आकडा २१७ ते २४३ मध्ये कुठेही. वॅटमध्ये व्होल्टचा वर्ग येतो, म्हणून साडेपाच टक्क्यांची चूक ११ होते. शिवाय हा मीटर सरासरी मोजून तिला साइन वेव्हचा गुणक लावतो. इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर तो ११ टक्के जास्त दाखवेल. ३२५ व्होल्टचे टोक अर्ध्या वेळापुरतं देणाऱ्या मॉडिफाइड लहरीवर खरे २३० असताना १८० दाखवेल. इन्व्हर्टर ‘कमी व्होल्ट देतो’ म्हणून परत नेण्याआधी ट्रू आरएमएस मीटरवर (लहर कशीही असली तरी खरे व्होल्ट वाचणाऱ्या) बघून घ्या.

तरीही घरच्या वस्तूंची वॅट काढायचा एक फार सोपा, सुरक्षित रस्ता याच मीटरवर आहे, आणि तो वीज बंद ठेवून. गिझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांचं एलिमेंट नायक्रोमसारख्या मिश्रधातूचं असतं. त्याचा रेझिस्टन्स थंड-गरममध्ये फारसा बदलत नाही. प्लग बाहेर काढा, उपकरणाचा स्विच आणि थर्मोस्टॅट चालूकडे ठेवा, २०० ओहमच्या रेंजवर फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये वाचा, प्रोबचे ०.४ वजा करा. २३० चा वर्ग ५२,९०० भागिले तो आकडा, म्हणजे वॅट. २००० वॅटच्या गिझरला २६.५ ओहम, १५०० च्या रॉडला ३५.३, १००० च्या इस्त्रीला ५२.९, ७५० च्या इस्त्रीला ७०.५ असे आकडे यायला हवेत. छापील वॅटपेक्षा एलिमेंट ५ टक्के जास्त किंवा १० टक्के कमी चालतं, म्हणून गिझर २९.४ ओहमपर्यंत दिसला तर तक्रार करू नका. ३५ दिसला तर तो २००० चा नाहीच. त्याच वेळी नॉब २००० किलोवर नेऊन अर्थ पिन आणि फेज पिनमध्ये बघा: डावीकडे नुसता ‘१’ हवा. कुठलाही आकडा आला तर एलिमेंट अर्थला गळतंय, तो गिझर लावू नका. ‘१’ आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. मीटर तपासतो जेमतेम काही व्होल्टवर, मेगर (इन्शुलेशन तपासायचं यंत्र) ५०० व्होल्टवर.

याच आकड्यावरून कमी दाबाचा परिणामही कळतो. गावाकडे २१० व्होल्टच येत असतील तर २६.४५ ओहमच्या गिझरला मिळतात १६६७ वॅट, आणि पाणी तापायला वीस टक्के वेळ जास्त. गिझर खराब नाही, लाइन कमी आहे.

ही युक्ती पिवळ्या बल्बला लावू नका. १०० वॅटच्या बल्बचा पेटलेला रेझिस्टन्स ५२९ ओहम, पण थंड फिलामेंटवर मीटर ४० च्या आसपास दाखवेल आणि हिशेब येईल तेराशे वॅट. टंगस्टनचा रेझिस्टन्स तापल्यावर तेरा-चौदापट होतो. पंखा, मिक्सर, एलईडी बल्ब, फ्रिज यांनाही नाही. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॅट नव्हे. स्वस्त ९ वॅटच्या एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.५ असेल तर गुणाकार १८ येतो. अशा वस्तूंसाठी प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर घ्या, तो पॉवर फॅक्टरसकट वॅट देतो.

दुकानात काय बघायचं? २०० ओहमवर प्रोब टेकवा: ०.३ ते ०.५ ठीक, १ च्या वर किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल तर वायरी बदलून मागा. बझर सगळ्यांत नसतो, हवा असेल तर ऐकूनच घ्या. दोन्ही मीटर २००० मिलिव्होल्टवर ठेवून एकाच नव्या पेन्सिल सेलवर लावा. १५५० ते १६५० मधला आकडा येईल, आणि दोहोंत १५-१६ अंकांपेक्षा जास्त तफावत असेल तर एक बदला. घरी आल्यावर दोन्ही मीटर मालिकेत घालून करंटही जुळतो का बघा. एका मीटरवर ही तपासणी करताच येत नाही.

पुढे बिघडतं ते ठरलेलं. मिलिअँपिअरवर कायम ०.०० दिसतं तेव्हा फ्यूज गेलाय. मागचे दोन स्क्रू काढून काचेचा ५ बाय २० मिलिमीटरचा, जुन्यावर छापलेल्या अँपिअरचाच नवा घाला. तार गुंडाळून ‘जुगाड’ केलात तर पुढच्या वेळी शंट जळेल. डिस्प्लेच्या रेघा गायब झाल्या तर डिस्प्लेखालच्या पट्टीचे स्क्रू किंचित आवळा. नॉब फिरवताना आकडा बरळत असेल तर आतली गोल तांब्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रोबच्या वायरी पिनच्या मुळाशी आतून तुटतात, बाहेरून दिसत नाही. सगळ्यात फसवं म्हणजे उतरलेली बॅटरी: ७ व्होल्टच्या खाली आतला संदर्भ व्होल्ट घसरतो आणि सगळेच आकडे जास्त दिसू लागतात. १२.६ ची बॅटरी १४ दाखवली की आधी मीटरची ९ व्होल्टची बदला, मग गाडीच्या अल्टरनेटरकडे वळा. हा मीटर आपोआप बंद होत नाही. नॉब ऑफवर न्यायचा विसरलात तर साधी बॅटरी आठवडा-दोन आठवड्यांत संपते.

रोज २३० किंवा ४१५ व्होल्टवर हात घालणाऱ्या वायरमनने हा घेऊच नये. नाशिकचे मोटवाने आणि ऋषभ, नवी मुंबईचे मेको हे मीटर बनवण्यात मुरलेले महाराष्ट्रातलेच कारखाने आहेत. त्यांचा कॅट-३ चा ट्रू आरएमएस मीटर किंवा वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा एसी-डीसी क्लॅम्प मीटर घ्यावा, किंमत दसपट पडली तरी. विद्यार्थी, छंदी आणि डीसीवर काम करणाऱ्यांनी या पिवळ्याची जोडी घ्यावी, आणि पहिल्याच दिवशी वरच्या सॉकेटवर लाल टेप चिकटवावी.